घरी बसवलेला पाळक

मी आज जो काही आहे तो आमच्या बोर्डिंगच्या बाईंमुळे. आई-वडिलांचे उपकार वेगळे, ते मी इथे धरत नाही. पण नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मिशनच्या बोर्डिंगात, खडी फोडणाऱ्या माणसाच्या मुलाला धरून बसवून बी.ए.पर्यंत नेलं ते बाईंनी. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो माझा, आणि तो मी वडिलांच्याही आधी बाईंना दाखवला. त्यांनी तो चष्मा पुसून वाचला, माझं नाव बरोबर छापलंय का ते पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. आता जेवून जा."

बाईंनी लग्न केलं नाही. बोर्डिंगातली आम्ही मुलं आणि दर उन्हाळ्यात महिनाभर राहायला येणारी त्यांची धाकटी बहीण, एवढाच त्यांचा संसार.

शनिवारी दुपारी आम्हाला घरी पत्र लिहावं लागे, आणि पोस्टात टाकण्याआधी बाई प्रत्येक पत्र वाचत. चूक झाली तर खोडत नसत. तांबड्या शाईनं त्या शब्दाभोवती गोल काढत आणि समासात एक छोटा प्रश्न लिहीत. एकदा मी 'इकडे सर्व मजेत आहेत' असं लिहिलं होतं. 'सर्व' या शब्दाभोवती गोल आला आणि समासात प्रश्न : 'कोण कोण?' त्या आठवड्यात अर्ध्या मुलांना गोवर होता. मला पत्र पुन्हा लिहावं लागलं.

गेली चौदा वर्षं मी परळच्या एका छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा पाळक, लोकांच्या भाषेत पाद्री, आहे. रविवारी उपासना, बुधवारी कोणाच्या तरी चाळीत घरसभा, मधल्या दिवशी बाप्तिस्मे, लग्नं, भांडणं. परळला मोठी इस्पितळं असल्यामुळे गावाकडून कोणाचाही आजारी माणूस आला की पहिला फोन पाळकाला. केसपेपर काढण्यापासून रक्त मिळवण्यापर्यंत सगळं मी करायचो, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. आपल्यावाचून अडतं, ही भावना फार गोड असते.

आमच्यात एक रीत आहे. मंडळीतल्या माणसाच्या नात्यात कोणी वारलं, अगदी दूरच्या गावी का असेना, तर पाळकानं लेटरहेडवर सांत्वनपत्र पाठवायचं. तिकडे ते सगळ्यांसमोर वाचतात. पत्रं वाढली तशी मी कॉम्प्युटरवर एक चांगला नमुना करून ठेवला. नाव बदलायचं, नातं बदलायचं, सही करायची. पत्र त्याच दिवशी निघायचं आणि लोक म्हणायचे, पाळकसाहेब किती तत्पर. गेल्या वर्षी बाईंची ती धाकटी बहीण वारली तेव्हाही माझं पत्र त्याच दिवशी निघालं. बाईंना ऐकू येत नाही, फोन त्या घेत नाहीत, आमचं सगळं पत्रानंच चालतं. त्यांचं उत्तर मात्र आलं नाही. वय झालं, हात थरथरत असेल, असं मी धरून चाललो.

त्यानंतर काही महिन्यांनी पंचकमिटीनं मला घरी बसवलं.

शब्द अर्थात वेगळे होते. आमचे चिटणीस पालिकेच्या इस्पितळात एक्स-रे काढायचे, आता निवृत्त आहेत. माणसाच्या आतलं बघून चेहरा कोरा ठेवायची त्यांना सवयच. उपासनेनंतर त्यांनी ठराव वाचला : पाळकसाहेबांना तीन महिन्यांची विश्रांती रजा. या काळात उपासनेत संदेश, म्हणजे प्रवचन, द्यायचं नाही, भेटी द्यायच्या नाहीत, मंडळीच्या कामाचे फोन घ्यायचे नाहीत. क्वार्टर देवळाला लागून आहे, तिथे राहिलात तर विश्रांती होणार नाही, म्हणून गिरगावात एका सभासदाची रिकामी खोली आहे तिथे राहायचं. तोपर्यंत नाशिककडचे एक तरुण पाळक काम पाहतील.

"मी काय आजारी आहे का?" मी विचारलं.

"नाही ना साहेब. आजारी पडल्यावर रजा दिली तर त्यात काय मोठेपणा?"

टाळ्या वाजल्या. चौदा वर्षांत माझ्या एकाही संदेशानंतर टाळ्या वाजल्या नव्हत्या. आमच्यात वाजवतही नाहीत. पण मला त्या दिवशी तो हिशेब सुचला नाही. मला एवढंच कळलं की हे लोक माझ्या जाण्यावर टाळ्या वाजवतायत.

शहाण्या माणसाला क्वार्टरमधून बाहेर काढायचं तर असंच काढतील. आधी रजा, मग रंगकाम, मग नवा माणूस. आणि खरंच, आम्ही निघालो त्याच आठवड्यात क्वार्टरला रंग लागला. नव्या पाळकानं टेम्पोतून फ्रीज आणला असंही कानावर आलं. तीन महिन्यांसाठी कोणी फ्रीज आणतं?

मी बायकोला तसं म्हणालो. ती गिरगावच्या खोलीत कपाट पुसत होती. "उन्हाळा आहे," ती म्हणाली. "पाणी गार लागतं माणसांना."

मला तिचाही संशय यायला लागला होता. तिचा फोन वाजला की ती गॅलरीच्या टोकाला जाऊन बोलायची. एकदा मला 'चिटणीस' हा शब्द ऐकू आला. विचारलं तर म्हणाली, "रेशनकार्डाचं." चिटणीसांचा आणि आमच्या रेशनकार्डाचा काय संबंध?

गिरगावच्या त्या चाळीत आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे. मूळचे मालवणकडचे, उभं आयुष्य लालबागच्या गिरणीत साचे चालवण्यात गेलेलं, आता मुलाकडे गिरगावात. पहिल्याच रविवारी त्यांनी मला न्याहाळलं आणि म्हणाले, "पाद्री ना तुम्ही? मग रविवारी घरी कसे काय? देवानं सुट्टी दिली की लोकांनी?"

मला ते फार लागलं. त्यांनी सहज विचारलं असेल, पण मला वाटलं यांनाही कोणीतरी काहीतरी सांगितलंय.

स्वस्थ बसणं मला येत नव्हतं. आठवड्याभरात मी चाळीतल्या आजारी माणसांची यादी केली. पहिल्या मजल्यावरची मोडलेल्या पायाची बाई, तिसऱ्यावरचे डायलिसिसवाले. एक दिवस मी डायरी घेऊन निघालो तर बायकोनं दारातच विचारलं, "ही काय यादी?"

"शेजारधर्म."

"शेजारधर्माला वार आणि वेळ लावलीय तुम्ही." तिनं डायरी घेतली आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवून दिली.

बाहेर आजोबा सगळं ऐकत होते. हसत म्हणाले, "बसा ओ. कित्याक धावायचं एवढं? तुमच्याशिवाय तुमचा देव काय उपाशी राहणार आहे?" मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. गिरणी बंद पडल्यावरसुद्धा वर्षभर पहिल्या पाळीच्या वेळेला त्यांचे डोळे आपोआप उघडायचे. उठून, आंघोळ करून, डबा घेऊन ते गेटपर्यंत जायचे. गेटला कुलूप. समोरच्या फुटपाथवर बसून डबा खायचा आणि घरी यायचं. "शेवटी बायकोनं तांदूळ निवडायला बसवलं. म्हणाली, निदान घरातले खडे तरी काढा."

मी हसलो नाही. माझ्या मनात आलं, यांची गिरणी कायमची बंद झाली होती.

तिसऱ्या रविवारी मी बायकोला फेरफटका मारून येतो म्हणालो आणि परळ गाठलं. आमच्या देवळासमोर रस्त्यापलीकडे रसवंती आहे. टोपी कपाळावर ओढून मी आतल्या बाकावर बसलो आणि किती माणसं आत जातात ते बघू लागलो. तरुण पोरं, जी माझ्या वेळेला दुसऱ्या गीतानंतर यायची, ती घंटेआधी हजर. उपासना सुटली तेव्हा लोक हसत बाहेर आले. माझ्या उपासनेनंतर लोक हसत यायचे का? मला काही केल्या आठवेना. मी तेव्हा दारात उभा राहून प्रत्येकाला कामं सांगत असायचो.

"अगंबाई, पाळकसाहेब!" आमच्या महिला मंडळाच्या एक म्हाताऱ्या बाई रस्ता ओलांडून थेट माझ्यासमोर. "उसाचा रस? तुम्हाला शुगर आहे ना?"

आवाज एवढा मोठा की पलीकडे चिटणीसांनी मान वळवली. ते आले. मागून दोन-चार जण आले. मी उभा राहिलो आणि जे आठवडाभर मनात घोळत होतं ते सगळ्यांसमोर बोललो. "मला काढायचं असेल तर तोंडावर काढा. रंग काय लावता, फ्रीज काय आणता! चौदा वर्षं तुमच्या मयतींना मी उभा राहिलोय."

चिटणीसांचा चेहरा एक्स-रेच्या खोलीतला. "फ्रीज त्याच्या सासऱ्यांनी दिलाय, साहेब. लग्न होऊन दोन महिने झालेत." मग हळूच, "तुम्ही घरी जा. मला यापेक्षा जास्त सांगता येणार नाही."

सांगता येणार नाही म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे. परतीच्या वाटेवर मी हे एकच वाक्य उलटसुलट करत राहिलो. चौदा वर्षं ज्या कामानं मला माणसांत उभं केलं, तेच काम कोणीतरी काढून घेतंय, आणि माझ्या घरातल्या माणसाला ते माहीत आहे.

दोन दिवसांनी दुपारी बायको भाजीला गेली तेव्हा मी तिचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं.

हे लिहिताना आजही लाज वाटते. आमच्या बायका चेन असलेल्या कव्हरात शास्त्र ठेवतात आणि घरातलं जे जे जपायचं ते त्यातच ठेवतात. औषधाची चिठ्ठी, मेलेल्या आईचा फोटो, मुलाचा पहिला रिझल्ट. दुसऱ्याच्या शास्त्राची चेन कोणी उघडत नाही. मी उघडली. आतल्या कप्प्यात एक पाकीट होतं आणि त्यावरचं अक्षर ओळखायला मला एक क्षणही लागला नाही. बाईंचं अक्षर. आधी सगळा शब्द, मग वरून एक सरळ रेघ.

पत्र माझ्या बायकोला होतं. 'सोबत त्याचं पत्र परत पाठवत आहे. त्याला दाखवू नकोस, रागावूही नकोस. मी वाढवलेला मुलगा मला असं पत्र लिहितो, याचा अर्थ त्याला बसायला जागाच उरलेली नाही. तुमच्या कमिटीत कोणी समजूतदार असेल तर त्याला सांगून याला काही दिवस घरी बसव. मी सांगितलं हे मात्र त्याला कळू देऊ नकोस. कळलं तर तो लगेच ऐकेल आणि मला बरं वाटावं म्हणून विश्रांती घेईल. त्याचा उपयोग नाही.'

सोबत घडी घातलेलं आमच्या मंडळीचं लेटरहेड होतं. माझं सांत्वनपत्र. सुंदर छापलेलं, खाली माझी सही. मधोमध एका वाक्यात लिहिलं होतं, 'आपले प्रिय यजमान प्रभूमध्ये विसावले हे ऐकून आम्हा सर्वांस अतोनात दुःख झाले.' आदल्या आठवड्यात मंडळीतल्या एका विधवेला तेच पत्र गेलं होतं. मी वरचं नाव बदललं होतं, नातं बदलायचं राहून गेलं होतं.

'यजमान' या शब्दाभोवती तांबडा गोल होता. समासात थरथरत्या हातानं लिहिलं होतं, 'कोणाचे?'

मी पत्राची घडी घालू लागलो. दारात बायको उभी होती, हातात पालकाची जुडी.

"वाचलंत."

"वाचलं."

"चेन अर्धी उघडी दिसली तेव्हाच कळलं." ती आत आली, पालक ओट्यावर ठेवला. "तुम्ही माझी पर्स बघाल असं वाटलं होतं. शास्त्र बघाल असं नव्हतं वाटलं."

"चिटणीसांना हे सगळं माहीत आहे?"

"मी पत्र दाखवलं त्यांना. ते म्हणाले, साहेबांना कधीच सांगणार नाही. मग एवढंच विचारलं, तीन महिने पुरतील का?" ती पालकाची जुडी सोडू लागली. "आणि तुम्ही त्यांना रस्त्यावर काय काय बोललात, ते मला त्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं."

म्हणजे कट होता. माझा संशय खोटा नव्हता. फक्त तो ज्यांच्यावर घ्यायला हवा होता, त्यांच्यावर घ्यायचं माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी चिटणीसांच्या घरी, चिंचपोकळीला गेलो. माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला. "साहेब, जास्त बोलू नका. तुम्ही बोलायला लागलात की प्रार्थनेपर्यंत जाता." त्यांच्या बायकोनं चहा दिला. आम्ही कपातला चहा संपेपर्यंत गप्प बसलो. चौदा वर्षांत त्या घरातून मी प्रार्थना न करता पहिल्यांदाच बाहेर पडलो.

संशय गेला असं मात्र झालं नाही. लोकांवरचा उठला तो माझ्यावर येऊन बसला. आणखी कोणाकोणाला मी कोणाचं मरण पाठवलं असेल? मयतीत मी जे डोळे पुसले ते खरे होते की तोही नमुनाच? बाईंना उत्तर लिहायला बसलो की प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटायचं. 'आपल्या दुःखात सहभागी.' खोडलं. 'शब्द अपुरे पडतात.' खोडलं. शब्द मला कधीच अपुरे पडले नव्हते, तिथेच तर घोटाळा झाला होता.

तीन आठवडे पत्र जमलं नाही. तोवर मी दुपारी आजोबांबरोबर गॅलरीत बसून तांदूळ निवडू लागलो. बायकोनं आमचेही तांदूळ माझ्यासमोर आणून ठेवले. आजोबा माझ्या ताटाकडे बघून म्हणायचे, "पाद्रीबाबा, तांदूळ टाकताव नि खडे ठेवताव. उलटं करा." पहिले काही दिवस मला हाही वेळ कशाला तरी उपयोगी पडेल असं वाटायचं, यावर एखादा संदेश होईल वगैरे. मग हळूहळू ते वाटणं कमी झालं. ताट उन्हाकडे कलतं करायचं, बोटानं थोडे तांदूळ अलीकडे ओढायचे, खडा दिसला तर काढायचा. खाली भाजीवाला ओरडायचा. आजोबा मधेच पेंगायचे. कोणी मला हाक मारत नव्हतं आणि त्याचं मला वाईट वाटत नव्हतं.

अशाच एका दुपारी, ताट कलतं धरलेलं असताना, मला दुसरे हात दिसले. बाईंच्या बहिणीचे. त्या उन्हाळ्यात बोर्डिंगच्या ओसरीवर अशाच बसायच्या. आणि मग एक गोष्ट आठवली, जी मी कोणालाच कधी सांगितली नव्हती. मी हात झटकले, आत गेलो आणि लिहायला बसलो. लेटरहेड घेतलं नाही. ते पत्र असं :

बाईंना सलाम.

तुमचं तांबडं वर्तुळ मी पाहिलं. ते मला दाखवायचं नव्हतं, मी चोरून पाहिलं. बायकोवर रागावू नका. तिनं तुमचा शब्द पाळला.

तुम्ही विचारलंत, कोणाचे? कोणाचेच नाहीत, बाई. तुमची बहीण वारली होती आणि मी एक क्षणही त्यांच्याविषयी विचार न करता सही केली. याला दुसरं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

आता त्यांच्याविषयी लिहितो. तुम्हाला हे माहीत नसेल. मी बोर्डिंगात आलो त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत मला घरी न्यायला कोणी येऊ शकलं नव्हतं. मी एकटाच राहिलो होतो, आणि रोज अंथरूण ओलं करायचो. तुमची भीती वाटायची. एका पहाटे तुमच्या बहिणीनं ते बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत. चादर उचलली, विहिरीवर नेऊन धुतली, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा म्हणाल्या, "माझ्या हातून कळशी सांडली." महिनाभर त्यांच्या हातून रोज कळशी सांडत होती. तुम्ही त्यांना वेंधळी म्हणायचात. मी शेजारी उभा राहून ते ऐकायचो आणि गप्प बसायचो. शेवटच्या दिवशी जाताना त्या माझ्या कानात म्हणाल्या, "आता माझी कळशी नाही सांडणार हं." आणि खरंच, त्यानंतर एकदाही अंथरूण ओलं झालं नाही.

त्या वेंधळ्या नव्हत्या, बाई. हे मी तुम्हाला त्यांच्या हयातीत सांगायला हवं होतं. चाळीस वर्षं उशीर झाला आणि मधे एक भलतंच पत्र गेलं.

माझी रजा अजून दीड महिना आहे. मी संदेश तयार करत नाही. तांदूळ निवडतो, त्यात खडे राहतात. कोणी दार वाजवलं की अजून वाटतं, मला काढायलाच आले. तुमच्याकडे यावं असं फार मनात आहे. चार दिवस येईन. प्रार्थना सांगायला नाही. तुम्ही ओसरीवर बसाल तिथे नुसता बसेन.

हे पत्र मी एकदाच लिहिलं आहे, दुसऱ्या कोणाला असं गेलेलं नाही. तरी चूक असेल तर गोल काढून परत पाठवा. फक्त या वेळी पाकिटावर माझं नाव घाला.